प्लॅटिपस आणि बदक: दिसणारं साम्य वरवरचं, खरं साम्य आत

प्लॅटिपसची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात उरकली जाते: बदकाची चोच, बीव्हरची शेपटी, पाणमांजराचं अंग. वाक्य लक्षात राहतं, पण त्यावरून हा प्राणी तीन-चार जनावरांचे तुकडे जोडून झाला असावा असं वाटू लागतं. बदक आणि प्लॅटिपस नीट तपासले तर उलटंच चित्र दिसतं. चोच आणि पाय यांतलं साम्य फक्त आकारापुरतं आहे. दोघांत खरोखर सारखं जे आहे ते अंड्यात, शरीराच्या मागच्या छिद्रात आणि जनुकांत दडलेलं आहे.

आधी प्राण्याचा अंदाज घेऊ. प्लॅटिपस हा अंडी घालणारा सस्तन प्राणी ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात राहतो, उत्तरेला क्वीन्सलँडमधल्या कूकटाउनच्या परिसरापासून दक्षिणेला टास्मानिया बेटापर्यंत. गोड्या पाण्याचे ओढे, नद्या, तळी हे त्याचं घर. चित्रांमुळे तो बराच मोठा वाटतो. प्रत्यक्षात नर चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत साधारण ५० सेंमी आणि वजनाला एक ते अडीच किलो असतो. मादी त्याहून लहान, पाऊण ते दीड किलोची. म्हणजे धष्टपुष्ट बोका त्याच्यापुढे मोठाच ठरेल. टास्मानियातले प्लॅटिपस उत्तरेकडच्यांपेक्षा अंगाने मोठे असतात.

चोच: आकार एक, काम वेगळं

महाराष्ट्रातल्या तळ्यांवर दिसणारं हळदी-कुंकू बदक घ्या. त्याच्या चोचीचा गाभा हाडाचा असतो आणि वर केराटिनचं आवरण असतं. आपली नखं ज्या द्रव्याची असतात तेच हे. चोचीच्या कडांना आतून बारीक पट्ट्यांच्या रांगा असतात. बदक पाणी आणि चिखल तोंडात घेतं, जिभेने ते बाजूंनी बाहेर ढकलतं आणि बिया, किडे, शेवाळ पट्ट्यांत अडकून राहतं. हिवाळ्यात पाहुणा म्हणून येणाऱ्या थापट्या बदकात ही गाळणी टोकाला पोचलेली दिसते; त्याची फावड्यासारखी रुंद चोच म्हणजे जवळजवळ नुसती गाळणीच.

प्लॅटिपसची चोच हाताला लागली तर आधी तिचा मऊपणा जाणवतो. ती ओलसर, लवचीक, रबरासारख्या कातडीची असते. आत आधाराला हाडं आहेत, पण वरचं आवरण जिवंत त्वचेचं आहे. संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या नमुन्यांत ही कातडी सुकून काळी आणि टणक होते, आणि तिथूनच ती बदकासारखी कडक असावी असा गैरसमज पसरला. नाकपुड्यांची जागाही वेगळी. बदकाच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाकडे असतात, प्लॅटिपसच्या जवळजवळ टोकाला. पाण्याबाहेर जेमतेम टोक काढलं तरी त्याला श्वास घेता येतो.

पण या चोचीचं मुख्य काम शोध घेण्याचं आहे. पाण्यात बुडी मारताना प्लॅटिपस डोळे, कान आणि नाकपुड्या तिन्ही बंद करतो. डोळा आणि कान एकाच खाचेत असतात. खाचेच्या कडा मिटल्या की दोन्ही झाकले जातात. मग गढूळ तळाशी, रात्रीच्या अंधारात, तो भक्ष्य शोधतो कसा? चोचीच्या कातडीत सुमारे ४०,००० विद्युत-संवेदी ग्रंथी आणि सुमारे ६०,००० स्पर्श-संवेदी टोकं असतात. कोळंबीने शेपटी झटकली किंवा अळीने अंग हलवलं, की त्या स्नायूंच्या आकुंचनातून अगदी क्षीण विद्युत क्षेत्र तयार होतं. प्लॅटिपसला ते जाणवतं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की पाण्यात लपवलेली छोटी बॅटरीसुद्धा तो शोधून काढतो.

पोहताना तो डोकं सतत डावी-उजवीकडे हलवत असतो. ग्रंथी चोचीवर पट्ट्यांच्या रांगांत मांडलेल्या असल्यामुळे कोणत्या बाजूला संकेत जास्त तीव्र आहे हे कळतं, आणि डोकं हलवल्याने दिशा पक्की होते. अंतराचं काय? विद्युत संकेत क्षणात पोचतो, तर त्याच हालचालीने पाण्यात उठलेली दाबाची लाट थोडी मागाहून येते. दोन्ही प्रकारच्या संवेदना मेंदूत एकत्र येतात, आणि त्यांच्या येण्यातल्या फरकावरून अंतराचा अंदाज बांधला जात असावा, असं संशोधकांचं मत आहे.

बदकाच्या चोचीतही स्पर्शाची टोकं भरपूर असतात; चिखलातला दाणा आणि खडा त्याला न बघता ओळखता येतो. विजेची जाणीव मात्र त्याला नाही. सस्तन प्राण्यांत ही क्षमता फार थोड्यांत आढळते: प्लॅटिपस, त्याचा काटेरी अंगाचा नातलग एकिड्ना (त्यात ती बरीच कमी) आणि डॉल्फिनच्या काही जाती.

तोंडापासून आतड्यापर्यंत

प्लॅटिपस तळाशी पकडलेलं भक्ष्य लगेच गिळत नाही. गालांत पिशव्या असतात. त्यांत अळ्या, कोळंबी, गाळ सगळं साठवून तो वर येतो आणि पृष्ठभागावर तरंगत चावतो. मोठ्या प्लॅटिपसला दात नसतात. पिल्लांना दाढा येतात, पण बिळाबाहेर पडण्याच्या सुमारास त्या गळून जातात आणि त्यांच्या जागी केराटिनच्या खरखरीत पट्ट्या उरतात. क्वीन्सलँडमधल्या रिव्हर्सली इथे सापडलेल्या ओब्ड्युरोडॉन या जुन्या नातलगाला मात्र मोठेपणीही दाढा होत्या, आणि चोचही होती. म्हणजे चोच आधीची, दात जाणं नंतरचं.

पुढची गोष्ट वाचून बरेच जण दचकतात: प्लॅटिपसला आपल्यासारखं पचन करणारं जठर नाही. अन्ननलिका जवळजवळ थेट आतड्याला जोडलेली असते. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन हा प्रथिनं पचवणारा रस तयार करणारी जनुकंच त्याच्यात नाहीशी किंवा निकामी झाली आहेत. बदकाचं याच्या अगदी उलट. त्याच्याकडे एक पाचकरस सोडणारा कप्पा आणि त्यामागे जाड स्नायूंचा दुसरा कप्पा आहे. त्या दुसऱ्यात मुद्दाम गिळलेले खडे दाणे दळतात.

खाणं मात्र भरपूर लागतं. प्लॅटिपस दिवसाला आपल्या वजनाच्या १५ ते ३० टक्के अन्न खातो, आणि त्यासाठी दहा-बारा तास पाण्यात असतो. एक बुडी साधारण अर्ध्या ते एक मिनिटाची, मग दहा-वीस सेकंद वर, पुन्हा बुडी. म्हणूनच ओढ्याचा तळ गाळाने भरला आणि किडे-अळ्या कमी झाल्या की पहिला फटका त्याला बसतो. बाकी पाणी कितीही स्वच्छ दिसत असो.

पाय, लोकर, शेपटी

बदक मागच्या पायांनी वल्हवतं. प्लॅटिपस पुढच्या पायांनी, आलटून पालटून. मागचे पाय आणि शेपटी वळायला आणि थांबायला. पुढच्या पायाचा पडदा नखांच्याही पुढे जातो, त्यामुळे पाण्यात पंजा मोठा होतो. जमिनीवर हाच पडदा तळव्याखाली दुमडतो, नखं मोकळी होतात आणि तो बिळं खणू शकतो. चालताना त्याचे पाय शरीराखाली न येता सरड्यासारखे बाजूला फाकलेले असतात. खांद्यात अशी जास्तीची हाडं आहेत जी बहुतेक सस्तन प्राण्यांत उरलेली नाहीत.

अंगावर दाट लोकर असते, एका चौरस मिलीमीटरमध्ये ६०० ते ९०० केस. खालचा बारीक थर हवा धरून ठेवतो, वरचे चपटे केस पाणी आत येऊ देत नाहीत. बदक हेच काम पिसांनी करतं, आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावतं. प्लॅटिपसकडे अशी तेलाची ग्रंथी नाही. शेपटी ही त्याची चरबीची कोठी. अंगातली जवळजवळ निम्मी चरबी तिथे असते. संशोधक प्राणी तपासताना शेपटी चाचपून बघतात: जाड आणि भरलेली असेल तर तब्येत ठीक, चपटी आणि चिमटीत दुमडणारी असेल तर उपासमार.

शरीराचं तापमान सुमारे ३२ अंश सेल्सिअस. आपलं ३७, बदकाचं ४१ च्या आसपास. त्यावरून तो थंड रक्ताचा असं समजू नये. गोठायला आलेल्या पाण्यातही तो हे ३२ अंश टिकवतो.

अंडं: इथे साम्य खरं आहे

प्लॅटिपस अंडी घालतो, आणि ती अंडी पिवळा बलक असलेली असतात. फलनानंतर सगळं अंडं विभागलं जात नाही. बलकावरच्या छोट्या चकतीतच पेशी वाढत जातात. पक्ष्यांमध्ये नेमकं हेच होतं. बलक बनवण्याची मुख्य जनुकं पक्ष्यांमध्ये तीन असतात, आपल्यात तिन्ही मोडून गेली आहेत, आणि प्लॅटिपसमध्ये एक अजून चालू आहे. मूत्र, विष्ठा आणि अंडी यांना एकच बाहेरचं छिद्र असतं, त्याला अवस्कर म्हणतात. तेही बदकात तसंच. प्लॅटिपस आणि एकिड्ना यांच्या गटाला एकछिद्री म्हणतात ते यामुळे.

ही वैशिष्ट्यं त्याने पक्ष्यांकडून उचललेली नाहीत. सस्तन प्राण्यांची वाट आणि सरडे-पक्ष्यांची वाट ३० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळी झाली. त्या सामाईक पूर्वजाकडे बलक होता, अवस्कर होता. पक्ष्यांनी ते ठेवलं, एकछिद्री प्राण्यांनी ठेवलं, बाकीच्या सस्तन प्राण्यांनी सोडलं. एक साम्य मात्र या खात्यात धरू नये: मादी बदक आणि मादी प्लॅटिपस दोघींचं फक्त डावं अंडाशय काम करतं. एकिड्नाची दोन्ही अंडाशयं चालतात, त्यामुळे प्लॅटिपसमधला हा बदल नंतर, स्वतंत्रपणे झालेला दिसतो.

अंड्यातही फरक आहेतच. बदकाच्या अंड्यात पिल्लाला लागणारं सगळं अन्न कवच चढण्याआधी भरलेलं असतं आणि कवच चुन्याचं, कडक असतं. प्लॅटिपसचा बलक निघतो तेव्हा जेमतेम चार मिलीमीटरचा असतो. मादीच्या गर्भाशयात तो सुमारे तीन आठवडे राहतो, तिथल्या स्रावांतून पोषण शोषतो आणि फुगत जातो. बाहेर येतं तेव्हा अंडं सुमारे १७ मिलीमीटर लांब, चामड्यासारख्या मऊ कवचाचं असतं आणि आतला गर्भ बराच पुढे गेलेला असतो. बहुधा दोन अंडी, एकमेकांना चिकटलेली. मादी ती पोट आणि वळवलेली शेपटी यांच्यामध्ये धरून उबवते, दहाच दिवस. पाळीव बदकाला २८ दिवस लागतात.

निघणाऱ्या पिल्लात तर तुलनाच नाही. बदकाचं पिल्लू पिसांसह, डोळे उघडे ठेवून बाहेर येतं आणि एक-दोन दिवसांत पोहतं. प्लॅटिपसचं पिल्लू वालाच्या दाण्याएवढं, उघडंबोडकं, आंधळं. ते पुढचे तीन-चार महिने बिळातच, आईच्या दुधावर वाढतं.

दूध, पण स्तनाग्रं नाहीत

मादीच्या पोटावर दोन पट्टे असतात. तिथल्या छिद्रांतून दूध पाझरतं आणि पिल्लं ते कातडीवरून आणि केसांवरून घेतात. असं उघड्यावर आलेलं दूध बिळातल्या मातीने दूषित होण्याचा धोका मोठा. या दुधात जीवाणूंना रोखणारं एक वेगळ्याच घडीचं प्रथिन असतं; ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ साली त्याची रचना मांडली.

दूध देतो म्हणजे सस्तन, हे उत्तर पुरेसं आहे, पण पुरावे आणखी आहेत. खालचा जबडा एकाच हाडाचा, कानात तीन छोटी हाडं. पक्ष्यांत जबड्याला अनेक हाडं आणि कानात एकच. छाती आणि पोट वेगळं करणारा श्वासपटल आहे. बदक त्याऐवजी हवेच्या पिशव्यांनी श्वास चालवतं. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब ठेवला तरी निकाल लागतो: बदकाच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, प्लॅटिपसच्या पेशींत नसतं.

गुणसूत्रांनी मात्र सगळ्यांची पंचाईत केली. आपल्यात लिंग ठरवणारी दोन गुणसूत्रं, प्लॅटिपसमध्ये दहा. नरात पाच एक्स आणि पाच वाय, मादीत एक्सच्या पाच जोड्या. शुक्राणू तयार होताना नराची ही दहा गुणसूत्रं आळीपाळीने साखळीत लागतात आणि मग सगळे एक्स एका पेशीत, सगळे वाय दुसऱ्या पेशीत जातात. ही साखळी २००४ मध्ये उलगडली. त्यातला काही भाग आपल्या एक्सशी जुळत नाही, पक्ष्यांच्या लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्राशी जुळतो.

विष आणि त्यावरचा उपाय

नराच्या मागच्या पायाच्या घोट्याजवळ सुमारे दीड सेंटिमीटरचा पोकळ काटा असतो. मांडीतल्या ग्रंथीतून त्यात विष येतं. वीण हंगामात ही ग्रंथी फुगते, म्हणून त्याचा मुख्य उपयोग नरांच्या आपसातल्या मारामारीत असावा. मादी पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांनाही काट्याचा कोंब असतो. पहिल्या वर्षात तो गळतो. विषातली काही प्रथिनं सापांच्या विषातल्या प्रथिनांसारखी आहेत, पण दोघांनी ती वेगवेगळी घडवली. कच्चा माल तेवढा एकाच प्रकारच्या जनुकांचा.

माणूस या विषाने मेल्याची नोंद नाही, कुत्रे मेले आहेत. वेदना मात्र भयंकर, दिवसचे दिवस टिकणारी, आणि मॉर्फिनने फारशी न उतरणारी. त्या भागाच्या मज्जातंतूला बधीर करणारं इंजेक्शन उपयोगी पडतं. तेव्हा काटा लागला तर हात-पाय हलवू नये, घट्ट दोरी बांधू नये, सरळ रुग्णालय गाठावं. जाळ्यात अडकलेला प्लॅटिपस हाताळावाच लागला तर तज्ज्ञ त्याला शेपटीच्या टोकाकडच्या अर्ध्या भागाला धरतात, कारण मागचे पाय तिथवर पोचत नाहीत. पोटाखाली हात घालणं हीच नेहमीची चूक.

शास्त्रज्ञांनाही वेळ लागला

१७९९ मध्ये जॉर्ज शॉ यांनी लंडनमध्ये या प्राण्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं, आणि चोच कोणी शिवून तर बसवली नाही ना, ही शंकाही त्यांना होती. १८२६ मध्ये योहान मेकेल यांनी दूधग्रंथींचं सविस्तर वर्णन केलं, तरी वाद चालूच राहिला: दूध देत असेल तर अंडी कशी, अंडी घालत असेल तर दूध कसं. १८८४ मध्ये विल्यम काल्डवेल यांनी क्वीन्सलँडमधल्या बर्नेट नदीकाठी स्थानिक आदिवासींच्या मदतीने अंड्यासह मादी मिळवली आणि तारेने बातमी धाडली, तेव्हा तो मिटला. पंचाऐंशी वर्षं लागली, कारण सगळ्यांनी आधी खण ठरवले होते आणि प्राणी त्यात बसवायचा होता.

ओढ्यावर तो ओळखायचा कसा

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी एवढं. क्वीन्सलँडमधल्या युंगेला राष्ट्रीय उद्यानातली ब्रोकन रिव्हर ही खात्रीची जागा. पहाटे किंवा सूर्य मावळताना जावं, काठावर स्थिर उभं राहावं. पावलांचा हादरा त्याला घाबरवतो. आधी पाण्यावर बुडबुड्यांची रेघ दिसते, मग तो वर येतो. बदक पाण्यावर तरंगतं, मान उंच असते. प्लॅटिपस चपटा, पाण्याला चिकटून पोहतो. दिसतात ते चोच, डोकं आणि पाठ यांचे तीन बुटके उंचवटे. बुडी मारताना तो पाठ कमानीसारखी करून गोल लाटा सोडतो. तिथेच राहणाऱ्या राकाली या पाणउंदराशी गोंधळ होतो: त्याला बाहेर आलेले कान असतात आणि बारीक शेपटीचं टोक पांढरं असतं.

काठावर मासेमारी करणाऱ्यांनी दोन गोष्टी टाळाव्यात. झिंगे पकडायचे बंद तोंडाचे सापळे वापरू नयेत. भक्ष्याच्या मागे आत शिरलेल्या प्लॅटिपसला बाहेर येता येत नाही आणि हवेवाचून तो काही मिनिटांत बुडून मरतो. एकाच सापळ्यात अनेक मेलेले सापडले आहेत. व्हिक्टोरियाने २०१९ मध्ये आणि न्यू साउथ वेल्सने २०२१ मध्ये असे सापळे बंद केले. वरून उघडी, उचलून घ्यायची जाळी चालते. दुसरं, रबर बँड, केसांचे बँड, बरणीच्या झाकणाची प्लास्टिकची कडी. प्लॅटिपसचं डोकं निमुळतं असल्यामुळे ती सहज गळ्यात किंवा पुढच्या पायामागे सरकते, मागे निघत नाही, आणि लोकर कापून मांसात रुतते. कचऱ्यात टाकण्याआधी अशी प्रत्येक कडी कात्रीने कापावी.